दर उतरला की येते

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आले तेव्हा युरो ऐंशीच्या घरात होता. हे इतकं पक्कं आठवतं, कारण पहिलं वर्षभर मी इथे खरेदी अशी केलीच नाही, नुसते गुणाकार केले. फ्लॉवरचा गड्डा दोन युरो, म्हणजे एकशे साठ रुपये. ठेवला परत. कोथिंबिरीच्या चार काड्या शंभर रुपयांना. त्यांच्याकडे तर मी रागानंच बघायचे. नवरा इंजिनिअर, मी त्याच्या व्हिसावर आलेली, पगार त्याचा. तो म्हणायचा, "अगं, कमावतोय युरोत, खर्च करतोय युरोत, मध्ये रुपया कशाला आणतेस?" त्याचं बरोबर होतं. नवरा चुकीचं बोलला तर भांडता तरी येतं, बरोबर बोलला की नुसता राग येतो.

माझी बाजू समजणारी आख्ख्या गल्लीत एकच व्यक्ती होती, शेजारच्या डच आजी. एकदा सुपरमार्केटमध्ये पावाच्या फळीपुढे मला त्या पुटपुटताना दिसल्या. माझ्यासारखंच कुणीतरी पुटपुटतंय म्हणून मी थांबले, तर म्हणाल्या, "साडेपाच गिल्डर! एका पावाला!" गिल्डर जाऊन तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. त्यांचं पूर्वीचं नाणं ते, युरो आल्यावर बंद झालं. पण आजी अजून प्रत्येक किमतीला दोन पूर्णांक दोननं गुणायच्या आणि मग संतापायच्या. "आमचा दर एकदा ठरला तो ठरला, आता कधी बदलायचा नाही," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला चक्क हेवा वाटला. माझा दर रोज सकाळी हलायचा.

आणि तो रोज सकाळी मला कळवायची माझी आई. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. माझा सकाळचा चहा उकळत असायचा, तिकडे तिचा स्वयंपाक उरकलेला असायचा. कशी आहेस, बरी आहेस, असलं काही नाही. फोन उचलला की, "आज एक्याऐंशी वीस. तुझ्याकडे किती दाखवतंय?" माझ्या मोबाइलवरचा आकडा तिच्या पेपरातल्या आकड्याशी कधीच जुळायचा नाही. मग त्यावर वाद, मग त्यातून तिची मेथी, तिचं बीपी, समोरच्या काकूंची सून. ते फोन आठवले की अजून मला त्या चहाचा वास येतो.

दराची एवढी चौकशी करायला कारण होतं. आई माझ्याकडे यायची होती. बाबा गेल्यावर ती एकटी होती आणि मला तिला माझं घर दाखवायचं होतं. पण लेकीकडे जायचं ते जावयाच्या खिशातून नाही, हा तिचा हट्ट. पेन्शनमधून साठवलेले एक लाख तिनं इथल्या खर्चासाठी वेगळे ठेवले होते. त्यांचे युरो करायचे, आणि त्यातून पहिल्यांदा नातीला सायकल घ्यायची. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची. मी दुकानातल्या लाल सायकलचा फोटो पाठवला, दीडशे युरो. आई क्षणात म्हणाली, "बारा हजारांच्या वर. महाग आहे गं. दर उतरला की येते."

आणि दर खरंच उतरला. पंचाहत्तर, बहात्तर, एकोणसत्तर. आमच्या फोनला लिलावाचा रंग चढला. मी नवऱ्याला घेऊन गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत गेले आणि आईला बोलावण्याच्या कागदावरच्या त्याच्या सहीवर शिक्का मारून आणला. शेजारच्या आजींनी सफरचंदाचा केक कधी करायचा ते विचारून ठेवलं. सदुसष्ट झाला त्या सकाळी मी म्हटलं, "आई, आता तिकीट काढ."

"थांब जरा. उतरतोय अजून. आज लाखाचे मिळतील चौदाशे ब्याण्णव. साठला आला तर सोळाशे सहासष्ट. एकशे चौऱ्याहत्तर जास्त! अगं, फरकातच सायकल निघते!"

कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. तिच्या आवाजात एवढा आनंद मी बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता. मी म्हटलं, "बरं, थांबूया."

साठ काही आला नाही. महिन्याभरात सत्तर, मग त्र्याहत्तर. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शाळेत आम्हा पोरांना तीच सांगायची. "उतरेल पुन्हा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी वाट बघत राहिलो. लेक जुन्या बाजारातून आणलेल्या सायकलवर शिकली, पडली, मोठ्या सायकलवर गेली. मला नोकरी लागली. मी म्हटलं, आता जावयाचा प्रश्नच नाही, माझ्या पैशानं ये. तर म्हणाली, "तुझे तू जप. माझे आहेत ना." मग एका पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि एवढा लांबचा विमानप्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी मीच जाते. माझं घर तिनं व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, तेही बहुतेक छतच.

आता युरो शंभराच्या पलीकडे गेलाय. मी गुणाकार सोडले, कोथिंबीर न बघता टोपलीत टाकते. फोन मात्र चालू आहेत. गेल्या आठवड्यात आईनं आकडा सांगितला, मी माझा सांगितला, वाद झाला नाही. तेवढ्यात लेक दप्तर घेऊन मागून गेली आणि फोनकडे बघून ओरडली, "दूई, आजी!"

"काय म्हणाली?"

"येते म्हणाली. शाळेत निघालीये."

"सायकलनं?"

"हो."

तिकडे आईनं पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"सदुसष्ट झाला होता तेव्हा तू म्हणालीस, तिकीट काढ. मीच थांब म्हटलं."

"जाऊ दे गं आता."

"मी म्हातारी, आकडे दिसले की हुरळते. पण तू का ऐकलंस गं माझं?"

मला सांगायचं होतं, की आई, त्या फरकाचा मोह मलाही झाला होता, तुझ्याइतकाच. तोंडून निघालं ते एवढंच, "चुकलं गं आई."