कुंकवाखालचं मेण

चातुर्मासात कारंज्याला मुनिमहाराजांचं प्रवचन ऐकून आमच्या सासूबाईंनी नियम घेतला. जिवाला मारून किंवा लुटून केलेली कुठलीही वस्तू अंगाला लावायची नाही. नियम त्यांनी घेतला, फोन मात्र मला लावावे लागले. साबण, टूथपेस्ट, पावडर, सगळ्यांवर हिरवा ठिपका होता. पण ठिपक्यावर भागलं असतं तर त्या सासूबाई कसल्या! "कंपनीले इचार," म्हणाल्या.

मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून साबणवाल्यांना विचारायची, "ग्लिसरीन कशाचं आहे?" पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगायची, "मॅडम, वनस्पती किंवा इतर स्रोतांपासून." "इतर म्हणजे कोणते?" म्हटलं की लगेच गाणं सुरू. एका कंपनीनं तर उत्तराऐवजी सवलतीचं कूपन पाठवलं. असा संताप आला होता! या प्रकाराला शहरात वीगन म्हणतात हे मला त्याच फोनांवर कळलं. आमच्याकडे याला सासूबाई म्हणतात.

संध्याकाळी निकाल लागायचा. जिचं उत्तर आलं नाही ती वस्तू बाद. थोड्याच दिवसांत न्हाणीघरात शिकेकाई आणि बेसन तेवढं उरलं. सासरे खाटेवरून चिडवायचे, "साबन खाऊन राह्यली का वं तू? अंगालेच लावाचा हाय ना?" त्यांचं हृदय दगा देत होतं. अमरावतीला बायपास ठरलं होतं. औषधांनी त्यांचे ओठ फाटायचे, म्हणून ओठांचं मलम करणाऱ्या एका कंपनीलाही मी मेल टाकली.

तिनं चक्क खरं उत्तर दिलं. सकाळी मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, "आमच्या मलमात प्राण्यांची चरबी नाही, मात्र मधमाशीचं मेण आहे." सासूबाई आरशासमोर बसल्या होत्या. कपाळाला बोटभर मेण लावायचं आणि त्यावर कुंकू टेकवायचं, हे त्यांचं लग्नापासून चालू होतं. मेणाचं बोट कपाळावरच थांबलं. मेण कशापासून होतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मध तर आमच्या घरात औषधालाही चालत नाही. पण मेणाच्या डबीवर ना कंपनीचं नाव, ना फोन नंबर. मंगरूळपीरच्या बाजारातून आणायचं आणि लावायचं. विचारणार कोणाला?

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"राहू द्या ना आई, एवढुसं तं लागते," मी म्हटलं.

"पाप बी एवढुसंच लागते का?"

झालं! मग टिकली आणली. पाकिटावरच्या नंबरावर फोन लावून गोंद शाकाहारी आहे का विचारलं, तर माणूस हसतच सुटला. "आज तक किसी ने नहीं पूछा, बहनजी." मालकाला विचारून कळवतो म्हणाला, ते कळवतोच आहे. टिकली बाद. तेलावर कुंकू टेकवलं तर दुपारपर्यंत ओघळून नाकावर. कोरडं लावलं तर स्वयंपाक होईस्तोवर झडून जायचं. शेजारची काकू ताक मागायला आली आणि त्यांचं कपाळ पाहून दारातच थबकली. "काहून वं, भाऊजी बरे हायेत ना?" त्या बाईच्या जिभेला हाडच नाही. सासूबाई त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठल्या. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. मुनिमहाराजांचा नव्हे, त्या प्रामाणिक कंपनीचा.

सासऱ्यांनी सगळं पाहिलं होतं. म्हणाले, "नको लावू कुंकू. मी काय तुह्या कुंकवावर जगून राह्यलो का? डाक्टर हाय ना!"

त्यावर सासूबाईंनी नुसतं त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

अमरावतीला निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. सासरे मागच्या सीटवर बसले, पिशव्या ठेवून झाल्या, तरी सासूबाई बाहेर येईनात. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तशी मी आत गेले. त्या आरशापुढे उभ्या होत्या. कपाळावर मेणाचा जाड थर दिला होता आणि त्यावर रुपयाएवढं कुंकू दाबून बसवत होत्या.

"आई, नियम?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मोडला," त्या म्हणाल्या. "महाराजाले सांगीन. देतीन थे प्रायश्चित्त घेईन. नियम का, उद्या पुन्हा घेता येते." मग आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "हा मानूस मी कोठून आनू वं?"