स्पीकरच्या खालचं टेबल

मला गोंगाट मुळीच सहन होत नाही. लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की मी चपला शोधायला लागतो. सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली. तिथे सगळ्यात मोठा आवाज म्हणजे एखाद्या मशीनची घरघर, आणि तीसुद्धा मला नकोशी व्हायची. अशा माणसाने लखनौतल्या सगळ्यात कर्कश रेस्टॉरंटमध्ये कितीतरी रविवार मजेत घालवले, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सहकारी तर हसायचेच. पण त्या रविवारांइतका सुखाचा काळ माझ्या संसारात दुसरा नाही, हे मी आजही म्हणतो.

आम्ही जानकीपुरमला भाड्याने राहायचो. मी वर्ध्याचा, बायको अमरावतीची. संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून इकडे आलो आणि इथलेच झालो. मुलगी लखनौतच जन्मली. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. मराठीत विचारलं, "जेवलीस का गं?" की "हाँ, खा लिया ना!"

मुलगी झाल्यानंतर बायकोचं ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं. डॉक्टरांनी तपासलं. कानाच्या आतलं एक बारीकसं हाड जखडत चाललंय, म्हणाले, बाळंतपणानंतर काही बायकांचं हे वाढतं. कानाचं मशीन घेतलं. त्यात कुकरची शिट्टी अशी कानात घुसायची की बिचारी दचकून हातातलं भांडं टाकायची. मशीन कपाटात गेलं. ऑपरेशन करता येईल, पण थोडा धोका असतो, असं कळल्यावर तिने विषयच बंद केला. "आहे तेवढं राहू द्या बापा," म्हणाली.

तिचं स्वतःचं बोलणं मात्र अगदी हळू होतं. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात असा सगळ्यांचा समज असतो. हिचं उलट. डॉक्टर म्हणाले, या आजारात स्वतःचा आवाज आत मोठा घुमतो, म्हणून माणूस हळू बोलतो. म्हणजे घरात दोघं कुजबुजणारी आणि त्यातल्या एकीला कुजबूज ऐकू येत नाही, असा प्रकार झाला.

सुरुवातीला मी बोलायचो मोठ्याने. एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ओरडलो, "सिलिंडर उद्या येणारेय!" दुसऱ्या दिवशी खालच्या घरमालकीणबाईंनी मुलीला जिन्यात थांबवून विचारलं, "बेटा, सब खैरियत तो है? पापा मम्मी से नाराज़ हैं क्या?" त्या शहरात लोक भांडतानासुद्धा एकमेकांना 'आप' म्हणतात. तिथे आपण बायकोवर खेकसणारा माणूस म्हणून ओळखले जातोय, हे कळल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर माझा आवाज जो खाली गेला तो गेलाच.

मग मुलगी आमच्यातली पोस्टमन झाली. मी तिला सांगायचो, ती आईच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची. मी म्हणायचो, "आईला सांग, आज मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्या कामाचं नाव काढलं, पण पैसे दुसऱ्याच विभागाला दिले, आणि वर चहा पाजला." मुलगी आईला म्हणायची, "पापा कह रहे हैं मीटिंग थी." झालं. माझं मराठी बायकोपर्यंत हिंदीतून पोचायचं आणि तेही काटछाट होऊन. पोरीचा काय दोष? तिला खेळायला जायचं असायचं. हळूहळू मीच ठरवायला लागलो, की हे सांगण्यासारखं आहे का. बहुतेक गोष्टी नसायच्या. मग दूध, गॅस, लाइटबिल, पाहुणे, एवढंच उरलं. बायकोही काही विचारेनाशी झाली. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. नुसती शांतता होती, आणि मला शांतता आवडते असं मीच तर सगळ्यांना सांगत फिरायचो!

त्या काळात लखनौत मॉल नवे नवे उघडत होते, आणि शहराबाहेर एक मोठा पार्क झाला होता. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, आणि मधोमध एक झगझगीत रेस्टॉरंट. मुलीने वाढदिवस तिथेच करायचा हट्ट धरला. वाढदिवस मे महिन्यातला, त्यामुळे अख्खं लखनौ पाण्यात उतरलं होतं.

रेस्टॉरंट मोठ्या लोकांसाठी बांधलेलं होतं. उंच छत, झुंबरं, संगमरवरी फरशी, टाय लावलेले वेटर, ताटात पंख्याच्या घडीचे रुमाल. पण आत येणारी जनता पाण्यातून निघालेली. ओले केस, गळ्यात टॉवेल, पोरं फरशीवरून घसरताहेत, त्यांच्या आया त्यांच्या मागे. काचेच्या पलीकडे घसरगुंडीवरून किंचाळणारी माणसं. आत गाणी. दर थोड्या वेळाने कुणाचा तरी वाढदिवस जाहीर व्हायचा आणि सगळे वेटर टाळ्या पिटत, ढोल वाजवत त्या टेबलाभोवती गोळा व्हायचे. एवढ्या उंच छताखाली तो आवाज कुठेच जात नव्हता, नुसता वरून परत आमच्या डोक्यावर पडत होता. जागा मिळाली तीही बरोबर स्पीकरच्या खाली.

मी वैतागलो. मुलीकडे बघून जिवाच्या आकांताने ओरडलो, "डोकं उठलंय माझं! खा पटकन आणि निघू या इथून!"

"काहून निघायचं?" बायको म्हणाली. "आत्ता तर सूप आलं."

मी मुलीकडे बघितलं, मुलीने माझ्याकडे. तिने तर आईला काही सांगितलं नव्हतं. ओठ दिसू नयेत म्हणून मी मुद्दाम तोंडासमोर रुमाल धरला आणि ओरडलो, "सूप कसं आहे?"

"खारट आहे," ती म्हणाली. "आणि रुमाल काहून तोंडाला लावता? काही सांडलं का?"

मुलगी खुर्चीवर उभीच राहिली. "पापा, मम्मी को सब सुनाई दे रहा है!"

मग जे सुरू झालं ते काय सांगू! साहेबांची मीटिंग सांगितली, चहासकट. ती खळखळून हसली. ते हसू मी विसरून गेलो होतो. तिनेही मनात साठवलेलं सगळं काढलं. घरमालकीणबाईंच्या सुनेचं काय चाललंय, अमरावतीला तिच्या भावाने नवीन घर बांधलं त्यात देवघर कसं चुकीच्या दिशेला केलंय, समोरच्या प्लॉटमध्ये मुंगूस राहतं. ती हळूच बोलायची, त्यामुळे त्या गोंगाटात मला तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता. कान तिच्या तोंडाशी न्यावा लागायचा. तिथे बहिरा मी होतो आणि ऐकणारी ती. मुलगी कंटाळून पाळण्याकडे पळाली, तरी आम्ही आपले बसलेलो. शेवटी वेटरने न मागता बिल आणून ठेवलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हाँ, होता है. इस तरह के बहरेपन में कुछ लोगों को शोर में बेहतर सुनाई देता है." मला तेवढं पुरलं. गोंगाट हे माझ्या बायकोचं औषध आहे, असं मी ठरवून टाकलं. संशोधक माणूस, पण कारण शोधत बसलो नाही. औषध लागू पडतंय ना, मग झालं.

तेव्हापासून महिन्यातून एखादा रविवार आमचा तिथला. मुलगी मोठी झाली, तिला आईबापांबरोबर पार्कमध्ये यायची लाज वाटायला लागली, तर आम्ही दोघंच. संस्थेत थट्टा व्हायची, "सर, इस उम्र में वॉटर पार्क?" मी म्हणायचो, कबाब चांगले असतात. कबाब सामान्य होते. सगळी कुटुंबं वेटरला विनवायची, "भैया, ज़रा शांत जगह," आणि आम्ही म्हणायचो, "स्पीकर के नीचे वाली." पहिल्यांदा वेटरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. नंतर आम्ही दारात दिसलो की तो स्वतःच तिकडे वळायचा.

तिथे आम्ही सगळं केलं. मुलीला कुठल्या शाखेला घालायचं ते ठरवलं. माझ्या आईच्या आजारपणात काय राहून गेलं ते बोललो, आणि बायको रडली, आणि शेजारच्या टेबलावर ढोल वाजत होता. भांडलोसुद्धा, आणि भांडायला इतकी छान जागा अख्ख्या लखनौत नाही. कितीही ओरडा, कुणी मान वर करून बघत नाही. घरी परतताना गाडीत पुन्हा शांतता, पण ती जेवण झाल्यानंतरची असायची, त्याचं काही वाटायचं नाही. पुढच्या खेपेला बोलू, म्हणून मी गोष्टी मनात जपून ठेवायचो.

मग मुलगी पुण्याला शिकायला गेली. तिला वसतिगृहात सोडून आलो आणि दार उघडून आत शिरलो तेव्हा आम्हा दोघांना एकदमच कळलं, की आता पोस्टमन नाही. कामापुरतंसुद्धा बोलायचं तर कुणाकडून? बायको माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेली. संध्याकाळी टीव्ही मोठ्या आवाजात लावून बघितला, की बघू या औषध घरी लागू पडतं का. ती म्हणाली, "काय बघता हे, बंद करा नं." मी बंद केला. मला खरंच भीती वाटली. अजून किती वर्षं काढायची होती आम्हाला त्या घरात, समोरासमोर बसून, एकमेकांना चहाचा कप पुढे करत.

रविवारांवर दिवस काढले. दिवाळी झाली, मुलगी येऊन गेली, थंडी पडली. धुक्यामुळे दोनतीन रविवार निघता आलं नाही. ऊन पडल्याबरोबर मी तिला गाडीत बसवून निघालो. सांगायचं इतकं साठलं होतं, की मी वाटेत मनातल्या मनात क्रम लावत होतो.

पार्कमध्ये चिटपाखरू नव्हतं. घसरगुंड्या कोरड्या, हौदात पाला. एरवी धुक्याच्या दिवसांत आम्ही इकडे फिरकत नसू, त्यामुळे जानेवारीत पाण्यात कोण उतरणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रेस्टॉरंट उघडं होतं, पण झुंबरं अर्धीच लावलेली, गाणी बंद. पलीकडे एकाच टेबलावर एक कुटुंब, आईवडील आणि दोन स्वेटर घातलेल्या मुली, चमच्याचासुद्धा आवाज न करता जेवत होतं. आम्ही आमच्या जागी बसलो.

मी पुढे वाकून बोललो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा बोललो, जरासा वर आवाज काढून. तिने मान हलवली. नाही. पलीकडच्या मुलींपैकी एकीने आमच्याकडे बघितलं, तसा मी गप्प झालो आणि मेनूकार्ड उघडून बसलो.

वेटर जुनाच होता. त्याने आमच्याकडे बघून अदबीने विचारलं, "सर, म्यूज़िक लगवा दूँ?"

मी घाईघाईने म्हणालो, "हाँ हाँ भैया, लगवा दीजिए. तेज़."

बायकोने मला खूण केली, काय म्हणतोय तो? मी स्पीकरकडे बोट दाखवलं. तिने वेटरला हातानेच थांबवलं.

"नको," ती मला म्हणाली. नेहमीसारखीच हळू, पण त्या शांततेत मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "ते गाणं मला लागत नाही. तुम्हाला लागते."

मी म्हणालो, म्हणजे काय? तिला ऐकू आलं नाही, पण कळलं.

"तुम्ही मोठ्याने बोललात की मला कुठेही ऐकू येते. घरीसुद्धा येईल. इथं सगळेच ओरडतात, म्हणून तुम्हाला ओरडायला लाज वाटत नाही. एवढंच आहे ते. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पंख्याची घडी मोडून रुमाल मांडीवर घेतला.

वेटर जायचं की थांबायचं हे न कळून तिथेच उभा होता. पलीकडचं कुटुंब जेवत होतं. वाटेत लावलेला क्रम सगळा विस्कटून गेला होता, आणि त्या सगळ्याखाली जी एकच गोष्ट मला तिला सांगायची होती ती तेवढी वर आली. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि भर मे महिन्यात ओरडायचो तसा, छताला लागेल असा ओरडलो.

"पोरगी गेल्यापासून घर खायला उठतं गं मला! तुझ्याशी बोलायचं असतं!"

दोन्ही मुलींनी वळून बघितलं. त्यांच्या वडिलांचा घास हातातच राहिला. वेटर एक पाऊल मागे सरला. माझे कान तापले होते, पण मी मान खाली घातली नाही.

"मग बोला नं," ती म्हणाली. "मी तर घरीच असते."