अक्काच्या सुया

दौंडहून फोन आला तेव्हा मी शिरूरच्या शाळेत सातवीचा तास घेत होतो. हेडमास्तरांनी बाहेर बोलावलं. ‘तुमच्या अक्का गेल्या,’ एवढंच म्हणाले. मी विचारलं, ‘कुठे?’ ...खरंच, मला दुसरं काही सुचलंच नाही. ऐन चाळिशीतली, धडधाकट डॉक्टर बाई, सकाळी पेशंट तपासता तपासता वॉर्डातच कोसळली. महिना उलटला, तरी ते खरं वाटत नाही.

अक्का, माझी थोरली बहीण, दौंडच्या एका इस्पितळात होती. पुण्याच्या शिबिरात चिनी सुयांचा उपचार, अॅक्युपंक्चर, शिकून आली आणि झपाटूनच गेली. दर रविवारी एसटीनं न्हावऱ्याला घरी यायची. पडवीत माणसं जमायची. कुणाची कंबर, कुणाचा खांदा. आईचा गुडघा इतका धरला होता की चुलीपुढे बसवत नसे. दिवाळीत ती मांडी घालून करंज्या करायला बसली! शेजारचे आप्पा म्हणाले, ‘बाई, येवढा गुन येतोय, मग हास्पिटलात का न्हाई करीत तुम्ही?’ अक्का सुया डबीत भरू लागली.

तिच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी परवानगी नाकारली होती, म्हणून मी त्यांच्यावर चिडून होतो. शेवटच्या रविवारी तिला स्टँडवर सोडताना मी तेच काढलं.

‘त्यांनी एकच विचारलं,’ ती म्हणाली, ‘गुण सुईनं येतो कशावरून? मीही चिडले. मग आईच्या सुया मुद्दाम भलत्याच जागी टोचल्या. तरी ती मांडी घालून बसली रे...’

मी विचारलं, ‘म्हणजे सगळं खोटं?’

‘ते मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही तोवर वॉर्डातल्या माणसाला कसं टोचू? आधी पुष्कळ जणांवर, त्यांना सांगून, नीट पाहायला हवं.’

गाडी आली. ती चढली.

दिवसकार्य उरकल्यावर मला राहवेना. आईला सारं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘ठावं हाय मला. तिनंच सांगितलं, रडत. म्या म्हनलं, टोच की कुठं बी. तेवढा येळ माझा पाय मांडीवर घिऊन बसतीस तरी.’



आईचा गुडघा पुन्हा धरलाय. गोळी दिली तर मानेनंच नको म्हणते. रविवारी दुपारी पडवीत पाय लांब करून बसते, लुगडं गुडघ्यावर सारून... दौंडची एसटी येऊन गेली, की हळूच खाली ओढून घेते.