आणखी एक घागर
देवबागला पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये सिंकखाली पाणी साचत होतं. गळती कुठून होतेय ते कळेना. शेवटी पाइप कोरडे पुसून त्यांवर चुलीतली राख फासली. थोड्या वेळात एक सांधा काळा पडला आणि ओल्या राखेचा वास आला.

लहानपणी पावसाळ्यानंतर बाबा होडीला बाहेरून अशीच राख फासायचे. आई आत पाणी ओतायची. राख भिजेल तिथे फट. एका वर्षी राख कुठेच भिजली नाही.

"पुरे गो, होडी बरी आसा," बाबा म्हणाले.

"आजून एक घागर घालतंय," म्हणत आई पुन्हा विहिरीकडे गेली.

मला तेव्हा तो नुसता हट्ट वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या होडीतून बाबा समुद्रात जाणार होते आणि आई किनाऱ्यावर राहणार होती.