फ्लेक्सवरचा मोठा फोटो

भोपाळच्या आमच्या मराठी मंडळाचे सगळे फ्लेक्स मीच करतो. सरकारी नोकरीत नकाशे काढण्यात हयात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर हे काम आपसूक गळ्यात पडलं. गणपती असोत की दिवाळी पहाट, खालच्या ओळीत कार्यकारिणीच्या अकरा जणांचे फोटो आलेच पाहिजेत. पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि सगळे एका मापाचे. एकाचा जरा मोठा झाला की दुसरा पुढच्या बैठकीत चहालाही हात लावत नाही. एकट्याचा मोठा फोटो मंडळाला फक्त श्रद्धांजली सभेला लागतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या लोकांच्या डोळ्यांना तो पाठ आहे. मला तर सगळ्यांत आधी कळायला हवा होता.

गेल्या वर्षी माझा मित्र आजारी पडला. आमच्या दोघांचे वडील नागपूरहून एकाच कचेरीबरोबर इथे आले, तेव्हापासूनची ही दोस्ती. मंडळाच्या गाण्याला पेटीवर कायम तोच. त्याचं यकृत निकामी होत चाललं होतं. मुलगा आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार होता, पण ऑपरेशनचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. म्हणून मंडळाने त्याच्या मदतीसाठी संगीतसंध्या ठरवली आणि फ्लेक्स अर्थातच माझ्याकडे आला.

मला वाटलं, या वेळी तिकिटांची ओळ नको. लोकांना त्याचा चेहरा दिसला पाहिजे. एका तालमीत मीच काढलेला त्याचा फोटो होता, पेटीवर वाकलेला, नजर खाली. तो मी मोठा करून मधोमध टाकला. रंग काढून काळा-पांढरा केला, कारण तसा तो भारदस्त दिसत होता. कार्यक्रम आनंदाचा म्हणून कडेने झेंडूची फुलं घातली. स्वतःवरच खूश होऊन मी ते दाखवायला शाहपुऱ्याला त्यांच्या घरी गेलो.

वहिनी मोबाइल हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊजी, फोटो लहान करा ना. बाकीच्यांसारखा."

"वहिनी, लहान फोटो बघून कुणाला पाझर फुटत नाही."

"तरी नको वाटतंय हो मला."

पलंगावरून मित्र हसला. "राहू दे गं. जन्मभर त्या ओळीत कोपऱ्यातच होतो. एकदा मोठा होऊ दे."

वहिनींनी मोबाइल मला परत दिला. मला त्यांचा रागच आला होता, हे कबूल करतो. शकुन-अपशकुन मी मानत नाही आणि मानणाऱ्यांना सुनावल्याशिवाय राहत नाही.

गोविंदपुऱ्यात छपाईवाल्याने फाईल उघडली आणि विचारलं, "साहब, तेरहवीं की तारीख नहीं डाली?"

"तेरहवीं नहीं, गाने का प्रोग्राम है," मी जवळजवळ ओरडलोच.

त्याने मान खाली घालून मशीन सुरू केलं. फोटो बदलायला दहा मिनिटं लागली असती. मी तिथेच उभा राहून तो कापडभर चेहरा मशीनमधून हळूहळू बाहेर येताना बघत होतो. आधी कपाळ आलं, मग खाली झुकलेले डोळे. मी नजर वळवली आणि पैसे मोजू लागलो.

अरेरा कॉलोनीत आमचा कार्यक्रम ज्या मंदिरात होतो, त्याच्या फाटकावर संध्याकाळी फ्लेक्स लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर वरच्या खिळ्याला कुणीतरी हार अडकवलेला. खरा, ताजा, पाण्याचे थेंब असलेला. फाटकाशी फुलं विकायला बसणारी म्हातारी म्हणाली, "मैंने चढ़ाया, भैया. हर मंगलवार हार लेते थे मुझसे. बड़े भले आदमी थे."

ते 'थे' मला ऐकवेना. मी हार ओढून काढला, आणि नेमकी तेव्हाच मागे रिक्षा थांबली. रक्ततपासणी करून मित्र आणि वहिनी घरी निघाले होते. त्यालाच फ्लेक्स बघायचा होता. रिक्षात बसूनच त्याने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं.

"फोटो छान आलाय रे," तो म्हणाला.

वहिनींनी फ्लेक्सकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या हातातल्या हाराकडे बघत होत्या.

"भाऊजी, ती फाईल काढून टाका."

"आजच टाकतो, वहिनी."

फ्लेक्स मी तिथल्या तिथे उतरवला. दुपारपर्यंत दुसरा केला, रंगीत, खाली अकरा तिकिटं. कोपऱ्यातलं त्याचं. कार्यक्रमाला सभागृह भरलं, लोकांनी हात आखडता घेतला नाही. पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती. पेटीवर त्या दिवशी दुसरंच कुणी होतं. पुढच्या आठवड्यात बापलेक एकाच दिवशी दवाखान्यात दाखल झाले.

त्या दिवशी मी संगणक उघडून ती जुनी फाईल शोधली. आयुष्यात एकही नकाशा फेकला नाही, चांगला फोटो आहे, राहू दे, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण मला माहीत होतं आणि त्याची आजही लाज वाटते. मी ती फाईल लागेल म्हणून ठेवली.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. मुलगा बरा होता. आधी त्यांनी त्याच्याबद्दलच सांगितलं.

"भाऊजी, ती फाईल तुम्ही काढून टाकली नसणार."

मला खोटं बोलता आलं नाही.

"मग पाठवा," त्या म्हणाल्या.

मी बसलो आणि कार्यक्रमाची ओळ खोडून तिथे दुसरी टाकली. बाकी काहीच बदलावं लागलं नाही. फुलंसुद्धा होती तशीच चालली.