बॉनेटवरचा हात

शर्यतीआधी मला येताना पाहिलं आणि विलासने घाईघाईने गाडीचं बॉनेट खाली ओढलं. तरी दिसायचं ते दिसलंच. "भरवशाचा नाही रे, ऐन चढावर दगा देतो," म्हणत जो कार्ब्युरेटर त्याने मला घेऊ दिला नव्हता, तोच त्याच्या इंजिनावर बसला होता. माझी गाडी त्याने सुचवलेल्या कार्ब्युरेटरवर धावते आणि प्रत्येक चढाला गुदमरते. मी आपला पेट्रोलला दोष देत राहिलो. मित्राचा शब्द कोण तपासून घेतो? आजवर आमची बॉनेटं एकमेकांसमोर सताड उघडी असायची. शर्यत हरल्याचं दुःख मी एका चहावर विसरतो. पण मला पाहून मित्राने काही झाकावं, याचं काय करायचं?

"चहा घेणार?" विलासने हसून विचारलं. बॉनेटवरचा हात मात्र त्याने काढला नाही.