रस्त्याच्या पलीकडचे नाना

दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे गेले होते. तिचं सासर धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या हायवेवरच्या एका गावात. घर अगदी रस्त्याला लागून. नाशिकच्या फ्लॅटमध्ये वर्षभर भिंती बघून विटलेली मी सकाळपासून ओट्यावर बसायची. कापसाने भरलेले ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाया... बघत राहावंसं वाटे.

शेजारी खुर्चीत ताईचे सासरे, आबा. आणि समोर, चौपदरी रस्त्याच्या पलीकडच्या ओट्यावर, त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, नाना.

रस्ता साधा होता तेव्हा नाना रोज सकाळी इकडे चहाला यायचे. रुंदीकरणात मधे दुभाजक आला. गावकऱ्यांनी तो एका जागी फोडून वाट काढली, तर ठेकेदाराने गाव संपेपर्यंत लोखंडी रेलिंग ठोकलं. तरणी माणसं ते ओलांडायची. बायाही साडी खोचून चढायच्या. नानांचे गुडघे गेलेले. आबांना तर काठीशिवाय उभं राहवत नसे. दोघे आपापल्या ओट्यावर बसून एकमेकांकडे बघत. गाड्यांच्या मधे जरा उसंत मिळाली की नाना ओरडायचे, "आबा, चहा लिधा का?" आबा कप उंच करून दाखवायचे. एवढंच बोलणं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी नाना ओट्यावर आले नाहीत. थोड्या वेळाने तिथे माणसं जमू लागली.

"काय व्हयनं तठे?" आबा ओरडले. ट्रकच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार! ते काठी टेकत थेट रेलिंगपर्यंत गेले. एक कारवाला जोरात हॉर्न वाजवत अंगाजवळून गेला. दाजींनी धावत जाऊन त्यांना मागे आणलं आणि स्वतः रेलिंग चढून पलीकडे गेले. तिथूनच त्यांनी ताईला फोन केला. नाना झोपेतच गेले होते.

जामनेरहून त्यांची लेक यायची होती, ती आली की नेणार होते. मला पलीकडे न्या, असं आबांनी एकच धरलं, "माले लई चाला."

मी रिक्षा मिळवली. वळायला जागा थेट पेट्रोलपंपाच्या पुढे. तिथून वळून गावाकडे येतो तोच गाड्यांची रांग लागलेली. काही हलेना. रिक्षावाला म्हणाला, "पुढे काहीतरी अडकलंय." आबा काठी आपटत होते. मी आपली "होईल मोकळं" म्हणत राहिले.

पोचलो तेव्हा नानांच्या घरी फक्त बाया होत्या. लेक दाराशी बसून रडत होती.

"आताच नेलं आबा," एक म्हातारी म्हणाली.

"कोठून?"

तिने रेलिंगकडे हात केला. स्मशान आबांच्या घरामागे, नाल्याकाठी. चौघांनी रेलिंगवर चढून तिरडी वरून या हातातून त्या हातात दिली होती. तेवढा वेळ रस्ता थांबला होता. आम्ही त्यातच अडकलो होतो. नंतर कळलं, थांबलेल्या गाड्यांतल्या काहींनी खाली उतरून मोबाईलवर शूटिंग केलं होतं.

आबा नानांच्या ओट्यावर उभे होते. समोर, आमच्या घराच्या कडेने माणसं नाल्याकडे उतरत होती.

"तो तठे गया, नि मी आठे उनू," आबा म्हणाले. रिक्षात बसताना मात्र त्यांचा आवाज फाटला. "जित्ता व्हता तवय कोनी उचलीसन नही आनं त्याले."

रिक्षावाल्याने घाई करून बघितली. पुन्हा पुढच्या वळणापर्यंत जाऊन आम्ही नाल्यावर पोचलो, तोवर लोक हातपाय धुऊन परतत होते. आबांनी काठी चितेकडे करून तशीच धरली. दाजी म्हणाले, "आबा, चला, ऊन लागेल."

चार दिवसांनी मी नाशिकच्या बसमध्ये बसले. गाव कधी मागे पडलं कळलंही नाही, इतकी बस वेगात होती. शेजारचे गृहस्थ खुशीत म्हणाले, "रस्ता एक नंबर केला बुवा. कुठे थांबायलाच लागत नाही."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.